तीन बोटांचं अंतर

2008 च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. माफी कुणाला पूर्ण आणि कुणाला चतकोर, हे जमिनीच्या क्षेत्रावर ठरणार होतं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत व्याख्या दिल्या होत्या. एक हेक्टरपर्यंत जमीन कसणारा तो अत्यल्पभूधारक, एकाहून जास्त पण दोन हेक्टरपर्यंत कसणारा तो अल्पभूधारक. या दोघांचं पात्र कर्ज पूर्ण माफ. त्यांच्या पलीकडचे सगळे ‘इतर शेतकरी’. त्यांनी बाकीची रक्कम भरली तर सर्वसाधारणपणे पंचवीस टक्के सवलत. वाचणाऱ्याला समजावं म्हणून हेक्टरपुढं कंसात एकरही दिले होते. एक हेक्टरपुढं अडीच एकर, दोन हेक्टरपुढं पाच एकर. घोटाळा त्या कंसात आहे. पाच एकर म्हणजे 20,234 चौरस मीटर आणि दोन हेक्टर म्हणजे नेमके 20,000. ज्याच्या नावावर बरोबर पाच एकर आहेत, तो कंसाबाहेरचा आकडा धरला तर ‘इतर’ ठरतो आणि कंसातला धरला तर अल्पभूधारक. मधला फरक 234 चौरस मीटरांचा, म्हणजे सव्वादोन गुंठ्यांहून थोडा जास्त. एवढ्या जागेत वर्षभराची ज्वारीही पिकत नाही. पण त्या दिवशी तिच्यावर उरलेल्या तीन चतुर्थांश कर्जाचा फैसला अवलंबून होता.

जमिनीच्या मापांचं रूपांतर म्हटलं की लोकांना भीती वाटते ती मोठ्या गफलतीची. बिघ्याचंच घ्या. उत्तर प्रदेशातला पक्का बिघा 3,025 चौरस वारांचा आणि बंगालमधला 1,600 चौरस वारांचा; शब्द एक, जमीन जवळजवळ निम्मी. तिकडं व्यवहार करायला गेलेला मराठी माणूस पहिल्याच बैठकीत विचारतो, ‘तुमचा बिघा केवढा?’ केरळात सेंट ऐकलं, छत्तीसगडात डिसमिल ऐकलं की तो कागद-पेन्सिल मागवतो. (दोन्ही एकराचा शंभरावा भाग, म्हणजे 435.6 चौरस फूट.) परक्या मापाशी आपण सावधपणे वागतो, म्हणून तिथं फसगत कमी होते. फसगत होते ती ओळखीच्या मापांत, आणि महाराष्ट्रात ती होण्याचं मुख्य कारण म्हणजे गुंठा आणि आर ही दोन एककं जवळजवळ सारखी आहेत. ती अगदी वेगळी असती तर प्रत्येकानं हिशेब केला असता. अगदी सारखी असती तर हिशेबाची गरजच नव्हती. ती शंभराला एकानं चुकतात, आणि शंभराला एक ही चूक डोळ्याला दिसत नाही, तोंडाला जाणवत नाही. सातबाऱ्यावर चाळीस आर लिहिलेले असतात, वाचणारा चाळीस गुंठे म्हणतो, ऐकणारा एक एकर समजतो, आणि तिघांपैकी कुणालाही आपण काही चुकीचं केलं असं वाटत नाही.

हे साम्य निव्वळ योगायोगाचं आहे. गुंठा हा शब्द इतका मातीतला वाटतो की त्याचं माप इंग्लिश आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. सतराव्या शतकात एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञानं 66 फुटांची साखळी रूढ केली. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, 43,560 चौरस फूट. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत निम्मी, म्हणजे 33 फुटांची साखळी वापरली गेली. ती लांब आणि रुंद टाकली की 1,089 चौरस फुटांचा एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे तोच एकर, एका चौरस फुटाचाही फरक न पडता. देशी हात लागला तो पोटविभागणीत: साखळीचे सोळा भाग, त्यांना नाव आणे, गुंठ्याचेही सोळा आणे. आरचं कुळ वेगळं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 1795 च्या कायद्यानं जी नवी मापं आली, त्यांत दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद अशा चौकोनाला आर हे नाव दिलं, आणि शंभर आरांचा हेक्टर झाला. तिथं मीटर पृथ्वीच्या परिघावरून काढलेला. इंग्रजांच्या शेताच्या मापाशी त्याचा काही संबंध नाही. तरी 33 फूट म्हणजे 10.0584 मीटर निघतात. गुंठ्याची बाजू आरच्या बाजूपेक्षा 5.84 सेंटिमीटरनी लांब, म्हणजे हाताची तीन बोटं. बाजूला तीन बोटं वाढली की क्षेत्रफळात 1.17 चौरस मीटर वाढतात, आणि म्हणून गुंठा 101.17 चौरस मीटरांचा.

तीन बोटांनी काय होतं, हे एकट्या गुंठ्यात कळत नाही. ते वाढवत नेलं पाहिजे. एक एकर 4,046.86 चौरस मीटर आणि चाळीस आर 4,000. फरक 46.86 चौरस मीटर, म्हणजे 504 चौरस फूट. शहरात एवढ्या जागेत संसार उभा राहतो. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर असं सर्रास म्हणतात, पण हेक्टरात भरतात 98.84 गुंठे, म्हणजे दोन एकर आणि एकोणीस गुंठ्यांना थोडं कमी. अडीच एकर बोलून एक हेक्टर लिहून घेतला तर 1,261 चौरस फूट हवेत विरतात. कोरडवाहू माळरानावर त्याचं कुणाला काही वाटत नाही. महामार्गाच्या कडेला, जिथं गुंठ्याला पाच लाख भाव धरू, तिथं एकरामागचा अर्ध्या गुंठ्याला थोडा कमी पडणारा तुकडा सव्वादोन लाखांच्या वर जातो. फायदा कुणाचा होतो हेही ठरलेलं असतं. एकराच्या भावानं पैसे मोजून चाळीस आर पदरात घेणारा ग्राहक तोट्यात. एकराचे पैसे घेऊन खरेदीखतात ‘एक एकर, म्हणजे 0.41 आर’ असं वरच्या आकड्यानं लिहून देणारा विकणारा तोट्यात. (हा ‘0.41 आर’ सुद्धा चूकच, तो 0.41 हेक्टर किंवा 41 आर. पण तसं लिहिलेले कागद दुर्मिळ नाहीत.)

यावर पहिला आक्षेप मोजणीतल्या माहितगार माणसाचा असतो आणि तो वजनदार आहे. तो म्हणेल, मूळ मोजणीच कुठं एवढी अचूक होती? शंकू लावून काटकोन काढायचा, साखळी ओढायची, चढउतारावरून ती कधी ताणलेली कधी झोळ पडलेली, टिपणावर आणे लिहायचे, मग शेताचे त्रिकोण-चौकोन पाडून गुणाकार बुकात क्षेत्र काढायचं. अशा मोजणीत शंभराला एकाची चूक तर सहज होते. मग रूपांतरातल्या एक टक्क्यासाठी एवढा जीव का काढायचा? उत्तर असं की या दोन चुकांची जात वेगळी आहे. साखळीची चूक दोन्ही बाजूंना होते. एका शेतात क्षेत्र थोडं जास्त येतं, शेजारच्यात थोडं कमी. गावाची बेरीज केली की बरंचसं फिटून जातं. रूपांतराची चूक मात्र दर वेळी एकाच बाजूला पडते. गुंठ्याला आर म्हटलं की प्रत्येक वेळी जमीन घटते, वाढत कधीच नाही. ती खातेदाराबरोबर, वाटणीबरोबर, प्रत्येक नव्या दस्ताबरोबर त्याच दिशेनं साचत जाते. दुसरं म्हणजे मोजणीची चूक पुन्हा मोजून निघते. रूपांतराची चूक मोजून निघत नाही, कारण ती शेतात नसतेच, ती कागदावर असते. बांध जागच्या जागी, आकडा मात्र वेगळा, आणि मग मोजणीला आलेला भूकरमापक बांध खोटा की आकडा खोटा या प्रश्नात अडकतो.

वाटणीत हे कसं होतं ते बघण्यासारखं आहे. चार एकर जमीन चार भावांत. चार एकर म्हणजे 161.87 आर, पूर्णांकात 1 हेक्टर 62 आर. प्रत्येकाचा एक एकर, म्हणजे 40.47 आर, पूर्णांकात 40. चार चाळीस एकशे साठ. मूळ गटाचं क्षेत्र 1.62 आणि हिश्शांची बेरीज 1.60, दोन आर कुठं गेले याचा शोध लावायला बसलं तर ते कुठंच गेलेले नाहीत, चार वेळा अपूर्णांक खाली ढकलला गेला इतकंच. यात कुणी चोरी केलेली नाही, कुणी मोजायला चुकलेलं नाही. आधी वाटून मग बदललं तर एक उत्तर येतं, आधी बदलून मग वाटलं तर दुसरं. रूपांतराचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम यातच आहे आणि तो शाळेत कुणी सांगत नाही: मूळ एककात सगळा हिशेब पुरा करावा, रूपांतर शेवटी आणि एकदाच करावं, आणि अपूर्णांक सोडायचा तो त्यानंतर. एकर-गुंठ्यांतून हेक्टर-आरांत जाताना दशमान पद्धतीचा म्हणून जो ठराविक फेरफार कित्येक उताऱ्यांवर दिसतो, त्यानं आणेही गेले आणि रुपये-आणे-पैंतला आकारही रुपये-पैशांत आला. आकारबंद, सातबारा आणि हिश्शांची बेरीज यांचा मेळ बसत नाही अशा तक्रारींत पोटहिश्शाच्या मोजणीपासून नोंद राहून जाण्यापर्यंत अनेक कारणं असतात, पण अपूर्णांकाचं हे मुकाट कारण त्या यादीत क्वचितच कुणी घेतं.

टिंबाची गोष्ट आणखी वेगळी. जुन्या कागदावर 1.20 लिहिलेलं असेल तर तो एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. ते टिंब दशांशचिन्ह नाहीच. त्याच्या उजवीकडं मोजणी एकोणचाळीसपर्यंत जाते आणि चाळीसला एक एकर हातचा येतो. 2.35 आणि 1.10 यांची बेरीज 3.45 होत नाही, 4.05 होते. जुन्या तलाठ्याला हे बोटांवर यायचं. मोबाइलमधल्या गणकयंत्राला ते कळायचं कारणच नाही. नव्या कागदावर हेक्टर, आर, चौरस मीटर हे प्रत्येकी शंभराच्या पटीत असल्यानं 1.20.50 हा 1.2050 हेक्टर असा सरळ वाचता येतो, पण आकड्याआधीचं शून्य पाळलं तरच. 1.05.05 ऐवजी कुणी 1.5.5 लिहिलं की पाच आरांचे पन्नास आर व्हायला वेळ लागत नाही. आणि जुना 2.20 नव्या नजरेनं वाचला, तर अडीच एकरांचे दोन हेक्टर वीस आर होतात. जमीन बसल्या जागी दुपटीहून जास्त. ही चूक मोठी असल्यानं बहुधा पकडली जाते. 2020 मध्ये राज्यानं सातबाऱ्याचा नमुना बदलला, तेव्हा क्षेत्रापुढं एकक स्पष्ट लिहायची व्यवस्था केली: शेतीला हेक्टर-आर-चौरस मीटर, बिनशेतीला आर-चौरस मीटर. दिसायला साधी सुधारणा, पण माझ्या मते त्या बदलांतली सर्वांत उपयोगी. आण्याचा गोंधळ मात्र जुन्या कागदांत राहिलाच. गुंठ्याचा सोळावा भाग तो आणा, आणि सामाईक मिळकतीतला सोळावा हिस्साही आणाच. ‘चार आणे’ म्हणजे चार आणे जमीन की जमिनीतला चौथा वाटा, हे मागचं-पुढचं वाक्य वाचल्याशिवाय समजत नाही.

दुसरा आक्षेप जुन्या वळणाच्या माणसाचा. पूर्वी कुठं होती ही काटेकोर मापं, आणि तरी जग चाललंच ना? हे खरं आहे, पण अर्धंच. कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात लिहिलेल्या बखरीत शिवकाळातल्या जमीनमोजणीची रीत दिली आहे. पाच हात पाच मुठींची काठी, हात चौदा तसूंचा, काठी एकूण ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. ज्या राज्यानं काठीची लांबी तसूपर्यंत बांधून दिली, ते राज्य मापाबाबत बेफिकीर होतं असं कसं म्हणायचं? काठी गावोगाव वेगळी राहिली तर सारा गावोगाव वेगळा बसतो, हे त्या कारभाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. शिवाय क्षेत्रफळात चूक दुप्पट होते: तसू पाच टक्क्यांनी मोठा धरला की बिघा सव्वादहा टक्क्यांनी फुगतो. म्हणूनच त्या बिघ्याचे आज नेमके गुंठे किती, असं विचारणाऱ्याला ठाम आकडा देणाऱ्यापासून दूर राहावं. त्या काळी दुसरीही एक मोजणी होती: अमुक औतांची जमीन, अमुक मण बियाण्याची जमीन, कोकणात अमुक खंडी भाताची जमीन. त्या मापांना क्षेत्राशी घेणंच नव्हतं. जमीन किती श्रम मागते आणि किती पोसते, हे ती सांगत. त्यांचं चौरस मीटरांत रूपांतर होत नाही, आणि ते करायला जाणं म्हणजे दुधाचा भाव गायीच्या उंचीवरून ठरवणं. मुद्दा असा की सैल मापं चालली ती जिथं प्रश्न पिकाचा होता तिथं. जिथं प्रश्न साऱ्याचा होता तिथं तेव्हाही तसू मोजले जात होते.

आणि साऱ्याचा प्रश्न आला की मापाला वेगळीच धार येते, हे एकोणिसाव्या शतकात पुन्हा दिसलं. पेशवाई गेल्यावर दख्खनेत प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेली साऱ्याची आकारणी फसली. तिच्या जागी गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1836 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत बसवली. तीस वर्षांचा करार, शेताला सर्व्हे नंबर, हद्दीला दगड, आणि क्षेत्र एकर-गुंठ्यांत. 1847 च्या संयुक्त अहवालानं तिला घाट दिला. तेव्हापासून एकर हे सरकारचं माप होतं, लोकांचं नव्हे. लोकांनी ते हळूहळू इतकं आपलं केलं की पुढं सरकारनं हेक्टर आणला, तेव्हा तो परका आणि एकर घरचा वाटू लागला. कायद्यांनासुद्धा एकराची सवय सुटलेली नाही. महाराष्ट्राच्या 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्यातल्या मर्यादा बघा: बारमाही पाण्याच्या जमिनीला 18 एकर, कोरडवाहूला 54 एकर. हेक्टरांत त्या 7.28 आणि 21.85 होतात. 7.28 हा आकडा कोणत्याही समितीच्या डोक्यातून स्वतंत्रपणे निघालेला नाही, हे उघड आहे. विचार एकरात झाला, लिहिणं हेक्टरांत. त्याउलट अलीकडच्या योजनांचा विचार हेक्टरांत होतो आणि चावडीवर वाचन एकरांत. 2019 मध्ये पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना आली, ती आरंभी दोन हेक्टरपर्यंत लागवडीयोग्य जमीन असलेल्या कुटुंबांसाठी होती, आणि पुन्हा तेच ‘पाच एकर’ सगळ्यांच्या तोंडी. त्याच वर्षी ती मर्यादा उठली म्हणून वाद मिटला; हिशेब सुधारला म्हणून नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत आधुनिक आणि सर्वांत आकर्षक: गुंठा-एकर कायद्यानं बंदच करा, सगळं चौरस मीटरांत बोला, रूपांतराचा प्रश्नच उरणार नाही. यासाठी गोव्याचा दाखला देतात, आणि तो खरा आहे. गोव्यात जमिनीचे भाव चौरस मीटरांत बोलतात, एक व चौदाच्या उताऱ्यावर हेक्टर-आर-चौरस मीटर असतात, आणि कुणाचं काही अडत नाही. पण तिथं पोर्तुगीज राजवट होती, इंग्रजांची साखळी त्या जमिनीवर कधी ओढलीच गेली नाही. एकर-गुंठ्यांची मागची बाकीच नसल्यानं पुढं ओढायला काही नव्हतं. महाराष्ट्रात मूळ टिपण फूट-साखळीतलं, जुनी खरेदीखतं आणि वाटणीपत्रं एकर-गुंठ्यांतली. उद्या गुंठा हा शब्द हद्दपार केला तरी ते कागद वाचावेच लागतील, आणि वाचणाऱ्याला रूपांतर करावंच लागेल. बंदीनं रूपांतर संपत नाही. फक्त ते कागदावरून तोंडी होतं, आणि तोंडी रूपांतर म्हणजे एक आर बरोबर एक गुंठा. शिवाय ज्या सरकारनं ही बंदी घालायची, त्याची स्वतःची गंमत अशी की तोलमापाची दशमान पद्धत येऊन चार दशकं उलटल्यावर, 2001 मध्ये, त्यानं जो कायदा केला त्याचं नावच गुंठेवारी आहे. अर्थात तेही बरोबरच. त्या वस्त्या गुंठ्यागुंठ्यानं विकल्या गेल्या होत्या, आरांनी नव्हे.

सरकारी मर्यादा चौरस मीटरांत आणि बाजार गुंठ्यांत, या स्थितीत काय होतं याचं आणखी एक उदाहरण शहरालगतचं आहे. स्थावर संपदा अर्थात रेरा कायद्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे ज्या प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरांहून जास्त नाही, त्याला नोंदणीतून सूट मिळू शकते. बोलताना हे पाच गुंठे होतात. पण पाच गुंठे म्हणजे 505.86 चौरस मीटर. पाच आरांचा तुकडा या सवलतीच्या आत बसतो, पाच गुंठ्यांचा बसत नाही. पुन्हा तीच तीन बोटं. हेक्टराला अडीच एकर धरून सीमा सांगितली काय, पाचशे चौरस मीटरला पाच गुंठे धरून सांगितली काय, नेमक्या मर्यादेवर उभा असलेला माणूस दर वेळी पलीकडं पडतो. आणि मर्यादेवर उभी असलेली माणसं थोडी नसतात. पूर्वजांनी वाटण्या गोल आकड्यांत केल्या, खरेद्या गोल आकड्यांत झाल्या. अडीच एकर, पाच एकर, पाच गुंठे, दहा गुंठे हे आकडे म्हणूनच जास्त आढळतात. कायद्याची गोल संख्या आणि लोकांची गोल संख्या एकमेकींना जवळजवळ चिकटून असतात आणि मधल्या फटीत नेमका गोल आकड्याचा खातेदार सापडतो.

याचा अर्थ जिथं तिथं चार दशांश स्थळं मोजत बसावं असा नाही. कृषी विद्यापीठांच्या खतांच्या शिफारशी हेक्टरी किलोत असतात आणि शेतकरी एकरी गोणी विचारतो. तिथं अडीचानं भागलं तर काही बिघडत नाही, नत्र मुठीनं टाकताना त्याहून मोठी तफावत पडते. उसाचा उतारा एकरी सांगितला काय आणि हेक्टरी काय, अंदाज अंदाजच. पिकाला एका टक्क्यानं फरक पडत नाही. दस्ताला पडतो, मर्यादेला पडतो, वाटणीला पडतो. उलट बाजूची अतिशयोक्तीही टाळायला हवी. संगणकानं एक एकर तीन गुंठे या जुन्या नोंदीचं रूपांतर 4350.3707 चौरस मीटर असं काढून दिलं म्हणजे जमीन दहा हजारांश चौरस मीटरपर्यंत मोजली गेली असं नव्हे. मूळ नोंद गुंठ्यापर्यंत किंवा फार तर आण्यापर्यंत होती, आणि एक आणा म्हणजे सव्वासहा चौरस मीटरांच्या वर. टिंबापुढचे आकडे गणिताचे आहेत, जमिनीचे नाहीत. माझ्यावर कुणी असा उलटा आरोप करील की मग एक टक्क्यासाठी एवढं भांडण कशाला, तर फरक इथंच आहे: गुणक पूर्ण घ्यावा, उत्तर माफक स्थळांपर्यंत लिहावं. गुणकच छाटला तर चूक सगळ्यांची आणि एकाच दिशेची. उत्तर छाटलं तर ती त्या एका नोंदीपुरती.

उपाय फार मोठे नाहीत आणि खर्चाचे तर मुळीच नाहीत. योजनेच्या कागदात कंसात दुसरं एकक द्यायचं असेल तर ते हिशेब करून द्यावं, किंवा देऊच नये. दोन हेक्टरपुढं ‘4 एकर 37 गुंठे’ लिहिलं असतं तर 2008 मध्ये पाच एकरवाल्याला आपण बाहेर आहोत हे निदान स्वच्छ कळलं असतं, आणि त्याला सामील करायचं होतं तर मर्यादाच 2.03 हेक्टर ठेवता आली असती. खरेदीखतात जुन्या आणि नव्या दोन्ही एककांत क्षेत्र लिहायची चाल चांगली आहे, पण दोहोंपैकी प्रमाण कोणतं हे त्याच वाक्यात यायला हवं. क्षेत्र आणि चतुःसीमा यांचा मेळ बसत नसेल तर ठळक चतुःसीमेला वजन द्यायचं, असं न्यायालयांचं सर्वसाधारण धोरण आहे. तेव्हा ‘पूर्वेस रस्ता’ असल्या मोघम शब्दांऐवजी गट क्रमांक आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत दस्तासोबत असणं हे क्षेत्राच्या दोन दशांश स्थळांपेक्षा मोलाचं. वाटणीपत्रात हिस्से आधी मूळ एककात, बेरीज मूळ क्षेत्राशी जुळवून, आणि मग रूपांतर. उरलेला अपूर्णांक कुणाच्या पदरात टाकला तेही लिहून. भाऊ एवढ्या बारकाईवर हसतील. हसू द्यावं.

आणि वाचकहो, घरातल्या ट्रंकेत एकर-गुंठे-आण्यांतलं एखादं पिवळं पडलेलं वाटणीपत्र असेल, तर नवा संगणकीय उतारा मिळाला म्हणून ते रद्दीत घालू नका. त्याच्यावरचा आकडा गुंठ्यांत मोडा, 101.17 नं गुणा, आणि आजच्या सातबाऱ्यावरच्या चौरस मीटरांशी ताडून पाहा. फरक एकरामागं 47 चौरस मीटरांच्या आसपास आला, तर कुणीतरी, कधीतरी, गुंठ्याला आर म्हटलेलं आहे.